एकाऐवजी लाभ

गिरजाबाईला मी फसवलं. तिनं सोळा पायल्या तूर आणली होती आणि मी ती पंधरा मोजली. ती नजरचूक नव्हती. मोजण्यात माझी नजरचूक होत नाही. तसं मोजायला मला शेठनं शिकवलं, आणि पुढे मी त्यांचं दुकान सोडलं तेव्हा ह्याच शेठनं मला बाजारभर चोर ठरवलं. यातली शेवटची गोष्ट मी तेवीस वर्षं रोज आठवत आलो. पहिली मला मागच्या हंगामापर्यंत आठवतसुद्धा नव्हती.

आता पुन्हा तुरीचा हंगाम आलाय. दारव्ह्याहून आर्णीकडे जा नाहीतर नेरकडे, रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोंगलेल्या तुरीचे ढीग पडलेत. मळणीच्या यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात. सकाळपासून तो कुठं ना कुठं घरघरत असतो आणि त्याच्या तोंडातून कुटाराचा, म्हणजे भुशाचा, पिवळट धुरळा उडत असतो. ते कुटार घामेजल्या मानेला एकदा चिकटलं की अंघोळ करेपर्यंत सुटका नाही. घराघरांतून मीठ घालून उकडलेल्या शेंगांचा वास येतो. बाया अंगणात शेंगांतले सोले, हिरवे दाणे, काढत बसतात, त्यांची नखं हिरवी होतात. ह्या वासानं कुणाला आई आठवत असेल, कुणाला शाळा. मला शेठच्या दुकानातली फरशी आठवते. थंड, काळी, मधोमध तुरीची लालसर रास, आणि त्या राशीशी दोन्ही गुडघे टेकून बसलेला बावीस वर्षांचा मी.

मी मापारी होतो. क्विंटलानं येणारा माल काट्यावर जायचा. पण आठवडी बाजाराच्या दिवशी बाया जीपच्या टपावर टाकून, डोक्यावर घेऊन जो थोडाथोडा माल आणायच्या, तो पायलीनं मोजायचा. पायली पितळेची होती. तिचा काठ इतक्या तळहातांनी घासला होता की तो सोन्यासारखा दिसायचा. पायली राशीत खुपसायची, भरायची, वरची शीग हातानं ओढून सपाट करायची आणि पलीकडे ओतायची. ओततानाच आकडा म्हणायचा. तोही एकदा म्हणून थांबायचं नाही. पुढची पायली भरेपर्यंत तोच आकडा आळवत राहायचा, म्हणजे आपण विसरत नाही आणि समोरच्यालाही हिशेब कळतो. ‘तीन रे तीन, तीन रे तीन’ असं करत चारावर जायचं. माझा आवाज मोठा होता. लोक म्हणायचे, ह्याचा आकडा बसस्टँडवर ऐकू जातो.

फक्त पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. धान्याच्या तोंडावर एक म्हणणं बरं दिसत नाही. एकटा, एकुलता, एवढा एकच उरला, असं काहीतरी त्या शब्दात ऐकू येतं. रास समोर असताना असलं कशाला बोलायचं? म्हणून सुरुवात लाभानं. आणि मापाऱ्यानं लाभ म्हटला की माल आणणारी बाई डोळे मिटते. राशीतले चार दाणे ओंजळीत घेते, कपाळाला लावते आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधते. घरची लक्ष्मी चालली, तिचे चार दाणे परत घरी न्यायचे, अशी समजूत. सगळं मिळून चार श्वासांचं काम.

ह्या चार श्वासांत दोन पायल्या ओतून होतात.

शेठनं मला कधी ‘चोरी कर’ म्हटलं नाही. दुकानात लागून महिना झाला असेल. गादीवर बसल्याबसल्या सुपारी कातरत ते म्हणाले, “तुझा आवाज चांगला आहे. पण लाभ फार घाईनं उरकतोस. लाभ जरा दमानं म्हणत जा. देवाचं नाव असल्यासारखं.” बस. तेवढंच. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते सुपारीकडे पाहत होते. मी हुशार होतो. पुढच्या बाजारापासून मी लाभ दमानं म्हणू लागलो. ‘लाभ रे लाभ, लाभ रे लाभ’ असं गळ्यातून ओढत मी एक पायली ओतायचो आणि बाईची गाठ बांधून होईपर्यंत दुसरी. तिनं डोळे उघडले की ‘दोन रे दोन’. शनिवारी दुकान बंद करताना शेठनं माझ्या हातात डाळीची पिशवी दिली. “घरी ने,” म्हणाले. कशाची, ते दोघांपैकी कुणी बोललं नाही. पुढे दर शनिवारी पिशवी मिळत गेली. ती डाळ माझ्या आईनं शिजवली, आम्ही खाल्ली आणि ती चवीला चांगली होती. हे लपवता आलं असतं, पण डाळ चांगली होती.

शेजारच्या दुकानात रहीमचाचा मापारी होते. त्यांच्यात लाभ नाही, ‘बरकत’ म्हणतात. बरकत, दो, तीन. चाचांची बरकत धाडकन पडायची. पायली ओतली, शब्द म्हटला, संपला. एकदा मी थट्टेनं म्हटलं, “चाचा, बरकत एवढी घाईनं काय टाकता? जरा तब्येतीत म्हणा.” चाचांनी पायलीचा काठ पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बेटा, बरकत को पकड के नहीं बैठते. आई, बोला, छोड़ दिया.” त्यांना माहीत होतं. त्या बाजारातल्या प्रत्येक मापाऱ्याला माहीत होतं, असं आज वाटतं. चाचांची मुलगी पुढे शिकली. तिनं मला सांगितलं की अरबीत ह्या शब्दाचं नातं उंट गुडघे टेकून खाली बसतो त्या क्रियेशी जोडतात. म्हणजे येऊन ठाण मांडून बसलेलं भाग्य. मी मनात म्हटलं, गुडघे टेकून तर मीही बसायचो.

आदिलाबादकडचा एक तेलुगू व्यापारी आमच्याकडे तूर न्यायला यायचा. तो स्वतः मोजायला बसला की म्हणायचा, “लाभम्, रेंडु, मूडु.” मला फार हसू आलं होतं तेव्हा. आपलाच शब्द, शेपूट लावून. तो म्हणाला, तमिळ मुलखात जा, तिथंही धान्याला पहिलं माप लाभच. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आज वाटतं. एवढे मुलूख, एवढ्या बोल्या, एकमेकांचं बोलणं एकमेकांना कळत नाही, आणि राशीपुढे बसलं की सगळ्यांच्या मनात तीच एक भीती आणि त्या भीतीवर तोच एक उतारा. ह्या सगळ्यांनी तो शब्द जपून ठेवला, आणि मी त्याच्याआड पायली लपवली.

शेठचं दुकान मी तीन वर्षांनी सोडलं. स्वतःचं काहीतरी करायचं होतं. भाड्याची हातगाडी घेतली आणि गल्लीगल्लीतून किरकोळ धान्य विकत घ्यायला लागलो. पंधरा दिवसांत कळलं की कुणी मला माल दाखवत नाही. शेठ सगळ्यांना सांगत होते, “पोरगा मेहनती आहे हो. फक्त हात बरोबर नाही.” असं हळहळून सांगायचे म्हणे. दोन वर्षं ह्या एका वाक्यानं माझी पाठ सोडली नाही. मी एखाद्या घरी गेलो की घरची म्हातारी माझ्यासमोर खाट टाकून बसायची, पायलीवरची नजर काढायची नाही. मी आत पेटायचो. माझा तापट स्वभाव सगळ्या दारव्ह्याला ठाऊक आहे. त्याची सुरुवात तिथली आहे. मेथीच्या जुडीसाठी मी पाव तास भांडतो. रिक्षावाल्याशी भांडतो, न्हाव्याशी भांडतो. माझी बायको वीस वर्षांपासून माझ्यासोबत बाजारात येत नाही. म्हणते, “तुमी भाव करत नाई, तुमी कोनावर तरी सूड घेता.” तिचं बरोबर आहे. मी प्रत्येकात शेठला बघत होतो. कुणी मला मापात मारू नये म्हणून जन्मभर सावध राहिलो. मी कुणाला मारलं होतं, हे मात्र त्या सावधपणात कधी डोकावलं नाही. अन्याय झालेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही.

हळूहळू जम बसला. आता आर्णी रस्त्याला माझी छोटी दालमिल आहे. लोक तूर आणतात, आम्ही डाळ करून देतो. इलेक्ट्रॉनिक काटा आहे, त्यावर लाल आकडे उमटतात. तरी पहिलं पोतं चढवलं की माझ्या तोंडून लाभ निघतोच.

मागच्या हंगामात तो तसाच निघाला आणि समोरची बाई हसली. पंचेचाळिशीची, रापलेली, हातात कापडी पिशवी. दोन पोती तूर आणली होती. हसून ती काट्याकडे चक्क पाठ करून उभी राहिली.

मी म्हटलं, “ताई, आकडा पाहा नं. मंग म्हणान मापात गडबड केली.”

“मी नाई पाहत भाऊ. मले मोजाची मनाई हाय.”

“कोनाची मनाई?”

“सासूची. पंचवीस वर्सं झाले.” ती सांगत होती ते एखादा जुना विनोद सांगावा तसं. “चार महिन्याची नवरी व्हती मी. सासू सोळा पायल्या तूर घरून मोजून बाजारात घेऊन गेली. तिथं भरली पंधरा. आता एक पायली कुठं गेली? अन् आदल्याच दिवसी माहा भाऊ नेरहून भेटाले आल्ता. जाताना त्याच्या हातात थैली व्हती. झालं मंग. सुनेनं भावाले तूर देल्ली.”

“थैलीत काय व्हतं?”

“बोरं. त्याच्या पोरीसाठी.”

मी काट्याचं बटण उगीच दाबलं. “दुकान कोनाचं व्हतं?” मी विचारलं. तिनं शेठचं नाव सांगितलं. मग म्हणाली, “सासू म्हणते, मापारी लय चांगला व्हता. मोठ्यानं मोजे, साऱ्या बाजाराले ऐकू जाय. त्याच्यावर कसा संशय घ्याचा? मंग घरचीच चोर ठरली.”

तिचं नाव कुसुम. सासूचं नाव गिरजाबाई. दारव्ह्याहून जीपनं अर्ध्या तासावरचं गाव. त्या एका पायलीपासून त्या घरातल्या धान्याच्या कोठीला कुलूप लागलं आणि किल्ली म्हातारीच्या कमरेला गेली. स्वयंपाकाचं पीठ, भाकरीची ज्वारी, पेरणीचं बी, सगळं म्हातारी मोजून देते. कुसुमला दोन मुलं झाली, मुलीचं लग्न झालं, पण पायलीला हात लावायची परवानगी मिळाली नाही. आणि तिचा भाऊ त्या घरची पायरी पुन्हा चढला नाही. भाऊबिजेला कुसुमच नेरला जायची.

मी तिची डाळ करून दिली आणि तिनं न मागता दर कमी लावला. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं संशयानं पाहिलं. “काहून भाऊ?”

“हंगामाचा पहिला माल हाय,” मी खोटं बोललो.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते मला नीट सांगता येत नाही. बोलायला हवं हे कळत होतं. रोज उद्यावर टाकलं. बोलण्याऐवजी मी त्या शब्दाच्याच मागे लागलो, जणू तो पकडून आणला की मी सुटेन. संस्कृतचे एक निवृत्त मास्तर माझ्याकडून डाळ नेतात. त्यांना विचारलं. मास्तर खूश झाले. त्यांना कुणी विचारतच नाही. म्हणाले, मूळ धातू लभ्. हाती लागणं, पकडणं, मिळणं. कष्टानं मिळवलेलं असो की वाटेत सापडलेलं, धातू भेद करत नाही. लिथुआनिया म्हणून देश आहे, तिथल्या भाषेत ‘लोबिस’ म्हणजे खजिना. तो ह्याच कुळातला मानतात. आणि ग्रीक भाषेत ‘लाफुरा’ म्हणून शब्द आहे, लढाईत लुटून आणलेला माल. काही पंडित त्यालाही ह्याचा चुलतभाऊ समजतात.

“म्हणजे लाभ आणि लूट एकाच घरचे?” मी विचारलं.

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “शब्दाला काय कळतंय? हात कुणाचा आहे, त्यावर आहे.” त्यांनी ते माझ्याबद्दल म्हटलं नव्हतं. तरी मी त्यांच्या पिशवीत मूठभर डाळ जास्त टाकली. आता ही माझी सवयच झालीय. सापडेल त्याला मुठीनं परत देत सुटलोय, ज्याचं आहे त्याला सोडून.

तुरीचा एक दलाल ब्रह्मदेशाचा माल आणायच्या कामानं रंगूनला जाऊन आला होता. तिथून येणाऱ्या तुरीला आमच्या बाजारात लेमन तूर म्हणतात. तो चहा पितापिता सांगत होता की आपला लाभ तिकडेही पोचलाय, पालीतून, भिक्खूंच्या बरोबर. भाग्य, मिळकत ह्या अर्थानं गेला. पण आता तिथं तोच शब्द लाचेसाठी वापरतात. लाच घेणं म्हणजे लाभ खाणं. दलाल हसला. मी हसलो नाही. तिकडे जाऊन शब्द बिघडला असं तो म्हणत होता. मला वाटलं, बिघडायला एवढं लांब जायची गरज नव्हती, दारव्ह्यातच काम झालं होतं.

मराठीत आपण हा शब्द किती ठिकाणी ठेवतो. दाराच्या एका अंगाला शुभ लिहितो, दुसऱ्या अंगाला लाभ. औषध लाभतं, जागा लाभते, थोरामोठ्यांचा सहवास लाभतो. आणि नको तिथंही ठेवतो: बैल लाभला नाही, घर लाभलं नाही. दोष कुणाचा ते न सांगता माणसाला नाकारायची सोय ह्या ‘लाभला नाही’मध्ये आहे. शेठ माझ्याबद्दल पहिल्यांदा तेच म्हणाले होते, ‘तो आम्हाला लाभला नाही.’

ह्या हंगामात कुसुम पुन्हा आली. तूर कमी होती, दीडच पोतं. गिरणी चालू असताना ती बाहेर रिकाम्या पोत्यावर बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. वर्षभर पाठ केलेलं सगळं विसरलो.

“ताई, तो मापारी मी व्हतो.”

ती वर बघत राहिली. तिला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. लाभ, डोळे मिटणं, गाठ, दुसरी पायली. तिनं विचारलं, “एकट्या माह्या सासूलेच केलं का सगळ्याईले?”

“सगळ्याईले.”

“मंग मागच्या वर्सी काहून नाई बोलले?”

मी गिरणीकडे पाहिलं. ती म्हणाली, “मागच्या वर्सी माहा भाऊ व्हता.”

तो पावसाळ्यात वारला होता. अंगणात उभं राहून एकदा ‘मी चोर नव्हतो’ एवढं म्हणायची संधी त्याला माझ्यामुळे मिळाली नाही. सव्वीस वर्षांपूर्वीची पायली माझ्या बावीस वर्षांच्या हातानं घेतली, तिचं खापर मी गरिबीवर फोडू शकतो, शेठवर फोडू शकतो. मागचं एक वर्ष मात्र माझं एकट्याचं आहे. ते मी पोट भरलेलं असताना, स्वतःच्या दालमिलच्या सावलीत बसून घेतलं.

मी म्हटलं, “ताई, मले माफ करा.”

“मले कायले सांगता?” ती उठून उभी राहिली, लुगड्याचं कुटार झटकत. “मले तं माहीतच व्हतं मी नेली नाई म्हणून. तिले सांगा. अन् मी घरी असताना सांगा.”

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. गिरजाबाई अंगणात खाटेवर बसून सोले काढत होती. ऐंशी पार केलेली, दृष्टी अधू, पण बोटं अजून चपळ. कमरेला किल्ली. कुसुम दाराच्या चौकटीत उभी राहिली, आत नाही, बाहेर नाही.

“मावशी, मी शेठच्या दुकानातला मापारी. ओळखलं का?”

म्हातारीचा चेहरा खुलला. “काय बापू! लय दिवसानं. तुहा आवाज काय व्हता रे! बस, बस. कुसुमे, पानी आन.”

पाणी आलं, पण मी ते तसंच ठेवून सगळं सांगितलं. आवाज खाली न आणता, बाजारात मोजायचो तसा. म्हातारीची बोटं थांबली. मग शेंग बाजूला ठेवून म्हणाली, “हिनं किती देल्ले तुले?”

“काय?”

“हे बोलाले कुसुमीनं किती पैसे देल्ले? सव्वीस वर्सानं याद आली तुले? हिचा भाऊ मेला अन् आता हिले साव व्हाचं हाय.”

मी भडकलो. माझा स्वभाव. मी म्हटलं, “म्हातारे, मी सोताच्या तोंडानं सोताले चोर म्हणून राह्यलो, अन् तुले खोटं वाटून राह्यलं?”

“तू चोर असशीन. शेठच सांगे तुहा हात बरोबर नाई म्हणून. पण शेठच्या दुकानात, शेठच्या डोयापुढं असं व्हईन? थो देवमानूस.” तिनं पुन्हा शेंग उचलली. “शेठ येऊन म्हणन, तं मानीन. नाईतर ही सून मले लाभली नाई ते नाईच लाभली.”

चौकटीत उभी असलेली कुसुम तेवढं ऐकून आत गेली. मी तिच्यावरचा डाग पुसायला गेलो आणि त्यावर लाच दिल्याचा दुसरा लावून आलो. परतीच्या जीपमध्ये मला बसायला जागा होती, तरी मी मागच्या पायरीवर उभा राहिलो.

मग शेठकडे गेलो. तेवीस वर्षांनी त्या दुकानाची पायरी चढलो. शेठ आता सत्तरीपुढचे आहेत, पण ताठ. दुकान मुलगा बघतो. हे सत्कारांना जातात, शाली घेतात, व्यापारातल्या सचोटीवर भाषणं करतात. माझ्या तोंडातून अजूनही त्यांच्यासाठी अहो-जाहोच निघतं, ह्याचा मला राग येतो. मी सगळी हकिगत सांगितली. शांतपणे, हे मुद्दाम लिहितो. म्हटलं, “तुम्हाला काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. फक्त म्हातारीच्या अंगणात येऊन एक वाक्य बोला.”

शेठ म्हणाले, “जुनं कशाला उकरतोस? चहा घे.”

“चहा नको.”

“बरं, मला सांग. मी तुला काय म्हटलं होतं? नेमके शब्द सांग.”

मला सांगावे लागले. लाभ जरा दमानं म्हणत जा, देवाचं नाव असल्यासारखं.

“मग?” शेठनं हात पसरले. “यात चोरी कुठं आहे? चांगलंच सांगितलं होतं की. तू काय समजलास ते तुझं तू बघ.”

“अन् दर शनिवारची डाळ?”

“गरीब घरचा पोरगा म्हणून द्यायचो. त्याचंही आता पाप झालं का?”

मुलगा गल्ल्यामागून हसला. मी तिथून निघालो. निघताना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूच्या चार दुकानदारांनी ऐकलंय, त्यांना विचारा.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुमाले शेठवरचा राग काढाचा हाय का कुसुमले मोकयं कराचं हाय, ते एकदा ठरवा.” तीन दिवस मी ह्या प्रश्नाभोवती फिरतोय. खरं सांगायचं तर दोन्ही आहे. माझा राग गेलेला नाही, जाईल असं वाटत नाही. शेठ माझ्याबद्दल बोलले ते, मला पटो न पटो, निम्मं खरं होतं. माझा हात खरंच बरोबर नव्हता. म्हणून माझ्या वाट्याचा हिशेब मी मागत नाही; तो मिटला असं समजतो. पण कुसुमचा हात बरोबर होता. तिच्या भावाच्या थैलीत बोरं होती. त्या दोघांनी आमच्या दुकानाचा कधी उंबरासुद्धा ओलांडला नव्हता.

कुसुमचा काल फोन आला होता. म्हातारी दोन दिवसांपासून जेवत नाही. तिनं एवढंच विचारलं, “शेठ येते का?” मी ‘पाहतो’ म्हणालो.

तर शेठ, हे तुमच्यासाठी. तुम्ही वाचाल हे मला माहीत आहे, तुमचा मुलगा दाखवेल. पायली मी ओतली, हे मी म्हातारीच्या तोंडावर कबूल केलंय, आता इथं, ह्या पेपरात, छापून करतोय, आणि गावात जमवाल तेवढ्या लोकांपुढं पुन्हा करायला तयार आहे. तुम्ही मला काय म्हणालात त्यावर वाद घालायचा नाही. पण सोळा पायल्या तुमच्या फरशीवर उतरल्या, सोळा तुमच्या पोत्यात गेल्या आणि त्यांतली एक जिनं नेली नव्हती तिच्या माथी बसली, हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं. गिरजाबाई माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तिच्याजवळ किती दिवस आहेत ते कुणाला ठाऊक नाही. हे छापून येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या दुकानासमोर जीप घेऊन उभा राहतो. येणार असाल तर बसा. येणार नसाल तर तिथंच, रस्त्यावर, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा की का नाही. ह्यात मी घासाघीस करणार नाही. कुसुमला उत्तर द्या.